मूल सांगायला येतं, तेव्हा समोरचा माणूस तयार असतो का? (सातारा-सांगलीतले शिक्षक, आशा, डॉक्टर यांच्या प्रशिक्षणाबद्दल)

माणगंगा

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात शाळा-अंगणवाडी तपासणीच्या पथकात वैद्यकीय अधिकारी आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली सुरू झाला. अंगणवाडीतलं मूल वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेतलं मूल वर्षातून एकदा आमच्यासमोर येतं. वजन, उंची, दात, कान, डोळे, शर्ट वर करून छाती-पाठ. एवढ्या मुलांना एवढ्या जवळून बघणारी दुसरी यंत्रणा माझ्या माहितीत नाही. पण आमचं प्रशिक्षण चार गोष्टींभोवती फिरतं: जन्मजात व्यंग, पोषणातली कमतरता, बालपणीचे आजार, विकासातला विलंब. मुलाच्या मांडीवर पट्ट्याचा वळ दिसला, किंवा सातवीतली मुलगी स्टेथोस्कोप लावायला हात पुढे केल्याबरोबर आक्रसून गेली, तर पुढे काय करायचं हे त्या चौकटीत बसत नाही.

आता तालुक्यातल्या सेविका, आशा आणि शिक्षकांसाठी मुलांवरचा अत्याचार ओळखणं आणि कळवणं या विषयावर एक दिवसाचं सत्र घ्यायचं काम माझ्याकडे आलंय. म्हणून हा धागा. तुमचे अनुभव, शंका, विरोध, सगळं हवंय.

माझं मत आधीच मांडते, म्हणजे वाद घालायला सोपं जाईल. मी बघितलेली बहुतेक सत्रं एकाच साच्याची असतात. दीपप्रज्वलन, भाषणं, मग पडद्यावर पॉक्सोची, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धच्या कायद्याची, कलमं, जेवण, सह्या, फोटो. संध्याकाळी घरी जाणाऱ्या सेविकेला कुठल्या गुन्ह्याला किती वर्षं शिक्षा हे कळलेलं असतं. पण उद्या सकाळी पाच वर्षांची पोर तिचा पदर धरून 'मला त्या दादाकडे नाही जायचं' म्हणाली, तर तोंडातून पहिलं वाक्य कोणतं काढायचं ते कळलेलं नसतं. प्रशिक्षण त्या पहिल्या दहा मिनिटांचं व्हायला हवं, आणि ते प्रत्येकाकडून मोठ्याने बोलून घ्यायला हवं. ऐकून घरी जाणं पुरत नाही.

हे इतकं तळमळीने का सांगतेय? केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांशी बोलून अहवाल प्रसिद्ध केला होता. ५३.२२ टक्के मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सोसल्याचं सांगितलं, आणि त्यांत निम्म्याहून थोडे जास्त मुलगे होते. बहुतेकांनी ते कुणापाशीच बोललेलं नव्हतं. म्हणजे जे एखादं मूल धीर करून आपल्यापाशी येतं, त्याच्यासमोर आपण गडबडून चालणार नाही.

जतकर_गुरुजी

मॅडम, बरं झालं विषय काढलात. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे, सांगली जिल्ह्याच्या पूर्व भागात. आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत या विषयावर तास झालाय, सुरक्षित-असुरक्षित स्पर्शाचा व्हिडिओही मुलांना दाखवलाय. २०२२ च्या शासन निर्णयाप्रमाणे मुलांच्या सुरक्षेसाठीची सखी सावित्री समिती कागदावर आहे, बदलापूरच्या घटनेनंतर, म्हणजे ऑगस्ट २०२४ नंतर, तक्रारपेटीही भिंतीवर लागली. पण पेटीत चिठ्ठी पडली तर ती उघडणाऱ्याने पुढच्या तासाभरात काय करायचं, यावर चर्चा नाही.

आमची खरी अडचण वेगळी आहे. गाव लहान. शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष गावचा, सरपंच त्याच भावकीतला, आणि ज्याच्यावर संशय तो त्यांच्याच घरातला असू शकतो. शिक्षक बाहेरून आलेला. 'गुरुजी, पोरीच्या लग्नाचं बघायचंय उद्या, गावात मिटवू' असं चारचौघांनी येऊन सांगितलं की मुख्याध्यापकांचाही धीर सुटतो. आणि आपल्याकडे असतो तो नुसता संशय. पुरावा कुठे असतो? तो चुकीचा निघाला तर?

वकीलबाई_सातारा

गुरुजी, तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण बहुतेक माणसं तिथेच थांबतात.

पॉक्सो कायदा १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू आहे. त्याचं कलम १९ म्हणतं की असा गुन्हा घडल्याची माहिती असेल किंवा घडण्याची भीती वाटत असेल, तर ती कुणीही स्थानिक पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलीच पाहिजे. 'कुणीही' यात शिक्षक, डॉक्टर, शेजारी, आजी सगळे आले. पुरावा गोळा करा आणि मग या, असं कायद्यात कुठेही नाही. तपास हे पोलिसांचं काम. सद्भावनेने दिलेल्या माहितीबद्दल देणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही, हे त्याच कलमाच्या सातव्या पोटकलमात आहे.

न कळवणं हा मात्र गुन्हा आहे. कलम २१ प्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. संस्थेच्या प्रमुखाने हाताखालच्या माणसाचा गुन्हा दडवला तर एक वर्षापर्यंत कैद आणि दंड. 'गावात मिटवू' म्हणणाऱ्यांना तुम्ही शांतपणे एवढंच सांगा, 'मिटवलं तर मी आत जातो.' हे खरंही आहे, आणि यात तुम्हाला कुणाशी वैर घ्यावं लागत नाही.

चंद्रपूर जिल्ह्यात वसतिगृहातल्या आदिवासी मुलींचं एक प्रकरण झालं होतं. त्या मुलींवर उपचार करणाऱ्या डॉक्टरने माहिती दिली नाही असा आरोप होता. उच्च न्यायालयाने त्याच्यावरचा गुन्हा रद्द केला होता. नोव्हेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय फिरवला आणि माहिती असूनही न कळवणं हा गंभीर गुन्हा आहे असं बजावलं. डॉक्टर मंडळींनी हे आवर्जून लक्षात ठेवावं.

माणगंगाताई, तुमच्या सत्रासाठी आणखी एक. पॉक्सोच्या २०२० च्या नियमांत तिसरा नियम प्रशिक्षणाचाच आहे. मुलांशी नेहमी संबंध येणाऱ्या संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची ठराविक काळाने पोलीस पडताळणी करायची आणि त्यांना बालसुरक्षेचं प्रशिक्षण द्यायचं. त्यात कायम आणि कंत्राटी असा भेद नाही. म्हणजे पोषण आहार शिजवणाऱ्या ताई, रिक्षावाले मामा, व्हॅनचा चालक, शिपाई सगळे आले. तुमच्या यादीत फक्त शिक्षक, सेविका आणि आशा दिसतात.

येरळाकाठ

मी शिक्षक नाही, दोन मुलांचा बाप आहे. हे सगळं पटतं, तरी मनात एक भीती आहे ती मोकळेपणाने मांडतो. आमच्याकडे बांधाच्या भांडणावरून एकमेकांवर कसल्याही केसेस होतात. उद्या प्रत्येक सेविकेला 'संशय आला की पोलिसांत जा' असं शिकवलं, तर एखाद्या निरपराध माणसाचं आयुष्य उद्ध्वस्त होईल. गावात एकदा नाव निघालं की निर्दोष सुटला तरी लोक विसरत नाहीत. यावर प्रशिक्षणात काही बोललं जातं का?

खाकीतून_निवृत्त

दादा, तुमची भीती खोटी नाही. मी पोलीस खात्यात होते, बालकांच्या प्रकरणांचा तपास केलाय. निरपराध माणूस अडकू नये म्हणून सगळ्यांत जास्त उपयोगी पडणारी गोष्ट म्हणजे मुलाशी नीट बोलणारा पहिला माणूस.

कसं ते सांगते. मूल एक अर्धं वाक्य बोलतं. लगेच आई विचारते, 'त्यानेच केलं ना?' मग आजी, मग बाई, मग मुख्याध्यापक, मग शेजारीण. प्रत्येकाच्या प्रश्नात उत्तर आधीच असतं. लहान मूल मोठ्यांच्या चेहऱ्याकडे बघून हो म्हणतं. आमच्यापर्यंत येईस्तोवर मुलाचे स्वतःचे शब्द कुठले आणि मोठ्यांनी घातलेले कुठले, हे वेगळं करणं अवघड होऊन बसतं. यात निरपराध माणूस अडकू शकतो. आणि खरा गुन्हेगारही याच गोंधळामुळे सुटतो, कारण बचावाचा वकील 'हे पढवलेलं आहे' असं म्हणायला मोकळा होतो. म्हणून मी प्रत्येक बैठकीत हात जोडून सांगायचे, चौकशी तुम्ही करू नका. मूल जे म्हणालं ते त्याच शब्दांत, तारीख-वेळ टाकून लिहून ठेवा आणि आम्हाला फोन करा. शूच्या जागी म्हणालं तर शूच्या जागी असंच लिहा, तुमचा शुद्ध शब्द घालू नका.

संशयिताला शाळेत बोलावून जाब विचारणं हाही उपद्व्यापच. तो सावध होतो, मुलाला धमकावतो, फोनमधलं पुसून टाकतो.

आणि ठाण्यात आल्यावर काय होतं याची लोकांना फार धास्ती असते, म्हणून तेही लिहिते. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी घ्यायचा असतो, शक्यतो उपनिरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, आणि गणवेश न घालता. आईवडील किंवा मुलाचा विश्वास असलेलं माणूस सोबत हवं. रात्री मुलाला ठाण्यात ठेवता येत नाही. २४ तासांत बालकल्याण समितीला (मुलांच्या संरक्षणाचे निर्णय घेणाऱ्या जिल्ह्याच्या समितीला) आणि विशेष न्यायालयाला कळवावं लागतं. प्रत्येक ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. सगळीकडे हे तंतोतंत होतं असं मी म्हणणार नाही. पण शिक्षकाला नियम माहीत असला की तो ठाण्यात उभा राहून 'मॅडमना बोलवा, मुलाला इथे बाकावर बसवू नका' असं म्हणू शकतो. मी नोकरीत असताना असं म्हणणारे शिक्षक भेटले तेव्हा मला आधारच वाटायचा.

येरळाकाठ

धन्यवाद मॅडम. मी हा विचार या बाजूने केला नव्हता. म्हणजे प्रशिक्षण नीट झालं तर दोन्ही बाजूंचं रक्षण होतं. तक्रार मुद्दाम खोटी असेल तर काही शिक्षा आहे का?

वकीलबाई_सातारा

आहे, कलम २२. बदनामीच्या, धमकावण्याच्या किंवा पैसे उकळण्याच्या हेतूने मुद्दाम खोटी माहिती दिली तर. पण मुलाने खोटं सांगितलं असं पुढे ठरलं तरी मुलाला शिक्षा नाही. आणि आणखी एक विनंती, मुलाचं नाव, शाळा, गाव, फोटो, ओळख पटेल असं काहीही गावच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकू नका. संताप दाखवायला म्हणूनसुद्धा नाही. तो गुन्हा आहे, आणि पोरीला त्याच गावात पुढे जगायचं असतं.

बाळरोग_मिरज

मी बालरोगतज्ज्ञ आहे. डॉक्टरांबद्दल लिहितो, कारण आमच्या व्यवसायातही हे डोळ्यांआड होतं. पालक दवाखान्यात येतात, 'पाळण्यातून पडला' म्हणतात, आणि रांगेत पन्नास पेशंट थांबलेले असतात.

हा विषय वैद्यकात आला तोच उशिरा. १९४६ साली जॉन कॅफी या क्ष-किरणतज्ज्ञाने काही तान्ह्या बाळांच्या डोक्यातला रक्तस्राव आणि हातापायांची मोडलेली हाडं एकत्र दिसतात हे नोंदवलं. १९६२ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या हेन्री केम्पे आणि सहकाऱ्यांनी हे मारहाणीमुळे होतं असं स्पष्टपणे लिहिलं. पाच वर्षांत तिथल्या सगळ्या राज्यांत डॉक्टरांनी कळवण्याचे कायदे आले.

आशाताई आणि सेविकांना शिकवायला एक साधी गोष्ट. जे बाळ अजून पालथं पडत नाही, रांगत नाही, त्याच्या अंगावर काळंनिळं पडत नाही. पडलं तर थांबून विचार करायचा. चालणाऱ्या मुलाचे गुडघे, नडग्या, कपाळ, कोपर खरचटलेले असणारच, त्यात काही नाही. पण चार वर्षांखालच्या मुलाच्या छाती-पोट-पाठीवर, कानावर किंवा मानेवर मुका मार दिसला, किंवा चार महिन्यांपर्यंतच्या बाळाला कुठेही दिसला, तर ते मूल डॉक्टरकडे गेलंच पाहिजे. अमेरिकेत मेरी क्लाइड पिअर्स आणि सहकाऱ्यांनी मुलांच्या अंगावरचे डाग अभ्यासून हा नियम बसवला, आणि २०२१ साली त्यात गालाचा मांसल भाग, जबड्याचा कोन, पापणी, डोळ्याच्या पांढऱ्यातलं रक्त, ओठाच्या आतला पडदा आणि वस्तूचा ठसा उमटलेला वळ यांची भर घातली. चार्जरच्या वायरीचा दुहेरी वळ एकदा बघितला की पुन्हा ओळखू येतो.

याची दुसरी बाजूही तितकीच शिकवली पाहिजे. आपल्याकडच्या कितीतरी बाळांच्या कंबरेवर आणि ढुंगणावर जन्मापासून निळसर-करडे डाग असतात. ते मार नव्हे. महिन्याभराने बघितले तरी तसेच असतात, मुका मार रंग बदलून जातो. बिब्बा घातल्याने कातडी भाजल्यासारखी काळी पडते, फोडही येतात. ते बघून लगेच चटका दिला असं ठरवू नये. आजीला नीट विचारावं. रक्ताच्या काही आजारांतही उगाच काळंनिळं पडतं. म्हणून खूण दिसली की ती लिहायची, जमलं तर बाह्यरेषा काढून शरीराच्या आकृतीवर दाखवायची, आणि कारणाचा निष्कर्ष डॉक्टरवर सोडायचा.

लैंगिक अत्याचारात एक गैरसमज फार घातक आहे. 'डॉक्टरने तपासलं, काही निघालं नाही, म्हणजे काही झालं नाही.' बहुसंख्य मुलांच्या तपासणीत खूण सापडत नाही. काही प्रकारांत ती राहतच नाही, आणि मुलांचं शरीर झपाट्याने भरून येतं. मुलाचं सांगणं हाच मुख्य आधार असतो. तरीही दवाखान्यात लवकर आणणं महत्त्वाचं. आरोग्य मंत्रालयाच्या २०१४ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ९६ तासांपर्यंत नमुने घेता येतात, एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात. अंगावरचे कपडे धुवायचे नाहीत, प्लॅस्टिकच्या नव्हे कागदी पिशवीत ठेवायचे. गुन्हा नोंदलेला नसला तरी उपचार नाकारता येत नाहीत, आणि 'आधी पोलिसांचं पत्र आणा' असं म्हणायला कुठल्याही रुग्णालयाला परवानगी नाही. मुलीची तपासणी महिला डॉक्टरने करायची. दोन बोटांची तपासणी तर सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये गैरवर्तन ठरवली आहे.

माणगंगा मॅडम, तुमच्या मुख्य मुद्द्याला दुजोरा देतो. २०२२ साली कॉक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या आढाव्यात अशा प्रशिक्षणांवरचे ११ अभ्यास तपासले गेले. प्रशिक्षणाने माहिती वाढल्याचे काही पुरावे आहेत, तेही कच्चे. लोक प्रत्यक्षात जास्त कळवू लागतात का, यावर ठाम काही सांगण्याइतका पुरावाच नाही. म्हणजे सत्र झालं, सह्या झाल्या, एवढ्यावर समाधान मानता येत नाही. नंतर काय घडलं हेही बघायला लागेल.

गटप्रवर्तक_पाटण

डॉक्टर, तुम्ही लिवलेलं आमच्या आशांना वाचून दाखवते. आम्ही बाळाच्या जन्मानंतर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जातो. वजन करताना बाळ उघडंच असतं. बघायचं म्हटलं तर सगळं दिसतं. पण बघायला कुणी शिकवलं नाही.

आता आमची बाजू. आशा त्याच गावची सून. तिनं पोलिसात नाव दिलं की दुसऱ्या दिवशी तिचं पाणी भरणं अवघड होतं. तुम्ही कायदा सांगता, पण तिच्या दारात येऊन कोण उभं राहणार? १०९८ ला, म्हणजे मुलांच्या हेल्पलाइनला, फोन केला तर नाव सांगावं लागतं का?

दुसरं म्हणजे आमच्याकडं सगळ्यात जास्त दिसतं ते हे, की सोळा-सतरा वर्षांची पोर, लग्न झालेलं, तीन महिन्यांची गरोदर, नोंदवायला येते. कारखान्याच्या सीझनला कोयत्याच्या टोळ्या बीडकडनं येतात, त्यात पण अशा पोरी असतात. पोरीला मागं कुणाच्या भरवशावर ठेवायचं म्हणून आधीच लग्न लावून आणतात. आम्ही कळवलं तर नवरा आत जातो आणि पोर दवाखान्यात यायचीच बंद होते. नाही कळवलं तर आम्ही आत. सांगा, काय करायचं?

वकीलबाई_सातारा

ताई, तुम्ही सगळ्यांत अवघड जागेवर बोट ठेवलंत.

आधी १०९८. ही सेवा १९९६ साली मुंबईत सुरू झाली, २०२३ पासून ती शासनाकडे आली आणि ११२ या आपत्कालीन नंबरशी जोडली गेली. फोन फुकट आहे, चोवीस तास आहे. स्वतःचं नाव न सांगता माहिती देता येते. पण आशाने एकटीने फोन करावा अशी वेळच येऊ नये. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने स्वतःच्या सहीने कळवावं, म्हणजे आशाचं नाव गावात फिरत नाही. हे तुमच्या सत्रात वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर बोलून ठरवून घ्या.

अल्पवयीन गरोदर मुलीचं. ऑक्टोबर २०१७ पासून कायद्याने अठरा वर्षांखालच्या पत्नीशी संबंध हाही बलात्कारच आहे, आणि पॉक्सो तर लग्न झालं का ते बघतच नाही. २९ सप्टेंबर २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने एक वाट काढून दिली. संमतीच्या संबंधातून गरोदर राहिलेली अल्पवयीन मुलगी गर्भपातासाठी आली आणि तिची व पालकांची तशी विनंती असली, तर डॉक्टरने पोलिसांना कळवताना तिची ओळख देण्याची गरज नाही. पण ही सवलत गर्भपाताच्या सेवेपुरती आहे. मूल ठेवायचं असेल तर कळवणं टळत नाही. यावर सोपं उत्तर माझ्याकडे नाही. एवढं मात्र करता येतं की कळवलं तरी उपचार एक दिवसही थांबवायचे नाहीत, आणि हे मुलीला पहिल्याच भेटीत सांगायचं. आणि लग्न ठरतंय असं आधी कळलं तर ग्रामसेवकांना गाठा. गावपातळीवर बालविवाह प्रतिबंधक अधिकारी तेच असतात.

विशेष_शिक्षिका

बोलू न शकणाऱ्या, ऐकू न येणाऱ्या, मतिमंद मुलांचा विचार कृपया सत्रात ठेवा. आमच्या मुलांना अंघोळीला, शूला दुसऱ्याचा हात लागतो. कुठला हात चुकीचा हे सांगायला त्यांच्याकडे शब्दच नसतात. आम्ही शरीराच्या अवयवांची चित्रं त्यांच्या संवाद-पाटीवर मुद्दाम ठेवतो. जबाबाच्या वेळी विशेष शिक्षक किंवा दुभाषा मिळण्याचा हक्क कायद्याने दिलेला आहे, हे बऱ्याच ठाण्यांत आम्हालाच सांगावं लागतं.

लाल_माती

मुलग्यांबद्दल कुणी फार बोललं नाही म्हणून लिहितो. आपल्या दोन्ही जिल्ह्यांत तालमी आहेत, पोलीस-सैन्य भरतीच्या निवासी अकॅडम्या आहेत. आठ-दहा वर्षांची पोरं आईबापांपासून लांब राहतात. वस्तादाचा शब्द मोडायचा नाही हेच त्यांना पहिल्या दिवसापासून शिकवलेलं असतं. बहुतेक वस्ताद पोटच्या पोरासारखं सांभाळतात, मी स्वतः अशाच तालमीत वाढलो. पण या जागा शिक्षण खात्याच्या प्रशिक्षणात येत नाहीत, आणि मार लागला तर 'कुस्तीत लागलं' हे उत्तर कायम तयार असतं. पोरगा रडला तर 'पैलवान रडतो का' म्हणतात. असा पोरगा कुणाला काय सांगणार? माझी विनंती, वस्ताद मंडळींना बोलवा. मानाने बोलवा, ते येतील.

समुपदेशक_कराड

वरचे सगळे प्रतिसाद वाचले. मी शाळांमध्ये समुपदेशन करते. 'मोठ्याने बोलून घ्यायचं' म्हणजे कसं, ते लिहिते.

दोघी-दोघींची जोडी करते. एक मूल होते, दुसरी बाई. मूल झालेलीने फक्त एवढंच म्हणायचं: 'बाई, तुम्ही कुणाला सांगणार नाही ना?' जवळजवळ प्रत्येक बाईच्या तोंडून आपसूक येतं, 'नाही गं बाळा, शपथ.' तिथे थांबवते. कारण ही शपथ तासाभरात मोडावी लागणार असते, आणि मुलाने विश्वास टाकलेला पहिला माणूस खोटा ठरतो. मग आम्ही दुसरं वाक्य घोटून घेतो: 'तू सांगायला आलीस हे फार चांगलं केलंस. तुला जपायला ज्यांची मदत लागेल त्यांनाच मी सांगेन, आणि आधी तुला सांगून मगच.' हे वाक्य सरावाशिवाय येत नाही. पहिल्यांदा म्हणताना सगळ्या अडखळतात.

मग पुढे. 'काय झालं ते तुला जमेल तसं सांग.' 'बरं, मग?' 'अजून काही सांगावंसं वाटतंय?' एवढेच प्रश्न. 'तू ओरडली का नाहीस', 'आधी का नाही सांगितलंस', 'तू तिथे गेलीच कशाला' हे तीन प्रश्न मी फळ्यावर लिहून त्यावर काट मारते, कारण ऐकणाऱ्याच्या मनात नसलं तरी मुलाला त्यात 'चूक तुझी' एवढंच ऐकू येतं. चेहऱ्याचाही सराव करावा लागतो. बाईचा चेहरा घाबरला की मूल बोलणं आवरतं घेतं, आणि 'काही नाही, गंमत केली' म्हणून पळतं. मुलाने दुसऱ्या दिवशी शब्द फिरवला तर त्यावरून ते खोटं होतं असंही समजू नका. घरून दटावलेलं असू शकतं.

आणि एक गोष्ट शिक्षकांना दुखेल, तरी लिहिते. ज्या वर्गात छडी चालते, त्या वर्गातलं मूल बाईंना काही सांगायला येत नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आहे, २०१० पासून. बाहेरच्या अत्याचाराची लक्षणं शिकवायच्या आधी हा तास घ्यायला हवा. मूल मोठ्या माणसाला भितं की त्याच्याजवळ येतं, हे तिथेच ठरतं.

जतकर_गुरुजी

कराडच्या ताई, छडीचं तुम्ही लिहिलंत ते आमच्या शिक्षक मित्रांच्या ग्रुपवर जसंच्या तसं पाठवलंय. चर्चा गरम आहे, होऊ दे.

एक विचारायचं राहिलं. कळवल्यानंतर मुलाचं पुढे काय होतं, हे आम्हाला कधीच कळत नाही. मूल शाळेत यायचं बंद होतं किंवा घरचे दुसऱ्या गावी पाठवतात. मग पुढचा शिक्षक म्हणतो, कळवून काय उपयोग झाला?

खाकीतून_निवृत्त

गुरुजी, इथेच बहुतेक केसेस कोसळतात. घरातलाच माणूस आरोपी असला की आई आधी धीर धरते, मग घर चालवायचं कसं या काळजीने फितूर होते. तिला दोष देऊ नका. बालकल्याण समिती मुलाला सहायक व्यक्ती देऊ शकते. जबाबापासून निकालापर्यंत ती व्यक्ती मुलासोबत असते, कोर्टाची तारीख सांगते, शाळेशी बोलते. समितीकडे अर्ज करून ती मागा. पैशांसाठी राज्याची मनोधैर्य योजना आहे, २०१३ पासून. अर्ज जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे करायचा. आणि त्या मुलाचा शाळेतला बाक तसाच राहू द्या. हजेरीला, सहलीला, स्नेहसंमेलनाला त्याला पहिल्यासारखं धरा. कोर्टात धीटपणे बोललेली जी मुलं मी बघितली, त्यांच्यामागे बहुतेक वेळा एखादी शिक्षिका ठामपणे उभी होती.

माणगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. सत्राचा आराखडा बदललाय तो इथे टाकते.

भाषणं काढून टाकली. सकाळी छडीचा तास, कराडच्या ताईंनी सांगितल्याप्रमाणे, आणि तो त्यांनीच घ्यावा अशी विनंती. मग डॉक्टरांनी लिहिलेल्या खुणा. जन्मजात निळे डाग आणि बिब्ब्याच्या चट्ट्यांचे फोटो मी जमा करतेय, चेहरा आणि नाव न दिसतील असे. जेवणानंतरचा सगळा वेळ जोड्यांच्या सरावाला, बोलता न येणाऱ्या मुलासकट. वैद्यकीय अधिकाऱ्यांना शेवटचा तासभर बसवणार आहे, आणि आशांच्या ऐवजी त्यांच्या सहीने कळवायचं हे तिथेच त्यांच्याकडून वदवून घेणार. पोषण आहाराच्या ताई आणि व्हॅनचालकांना निमंत्रण गेलंय. वस्तादांना आमंत्रण द्यायला लाल_माती, तुम्ही माझ्याबरोबर याल का? तुमच्या ओळखीने गेलं तर बरं पडेल.

तीन महिन्यांनी त्याच लोकांना पुन्हा बोलावणार, आणि एकच विचारणार: या काळात कुणाला संशय आला का, आणि मग तुम्ही काय केलंत?

प्रत्येकाला खिशात मावेल असं कार्ड द्यायचंय. एका बाजूला ती दोन-तीन वाक्यं, दुसऱ्या बाजूला १०९८, ११२ आणि बालकल्याण समितीचा नंबर. अजून काही हवं असेल तर आजच सांगा, उद्या छापायला टाकतेय.

लाल_माती

येतो. रविवारी सकाळी जोर संपल्यावर वस्ताद निवांत असतात, तेव्हा जाऊ.

गटप्रवर्तक_पाटण

कार्डावर ठाण्यातल्या बाल कल्याण पोलीस अधिकाऱ्याचं नाव आणि मोबाईल लिहायला रिकामी ओळ ठेवा, छापू नका. साहेब बदलत्यात. आणि अक्षर मोठं घ्या, आमच्या निम्म्या आशांना चष्मा लागलाय.